नदीचे पंचांग, घरचे पंचांग

प्रत्येक घराच्या भिंतीवर एक पंचांग असते. एकादशी कधी, संक्रांत कोणत्या वारी, लग्नाचे मुहूर्त किती, हे त्यात पाहावयाचे आणि महिना संपला की पान उलटावयाचे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेच्या कडेला, तेलंगणाच्या सीमेलगत वसलेल्या धर्माबाद गावाला मात्र याखेरीज आणखी एक पंचांग पाळावे लागते. ते गोदावरी नदीचे पंचांग होय. त्यात तिथ्या फक्त तीन आहेत: १ जुलै, २९ ऑक्टोबर आणि १ मार्च. या तिथ्या कोणा ज्योतिष्याने काढलेल्या नाहीत. त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिल्या आहेत.

हकीकत अशी. धर्माबादजवळ बाभळी येथे गोदावरीवर चौदा दरवाजांचा एक बंधारा आहे. महाराष्ट्रातून बाहेर पडण्यापूर्वी गोदावरीचे पाणी येथे अडते. सीमेपलीकडे, नदीच्या खालच्या अंगाला पोचमपाडचे मोठे धरण आहे. जवाहरलाल नेहरूंनी २६ जुलै १९६३ रोजी त्याची पायाभरणी केली आणि आज ते श्रीरामसागर या नावाने ओळखले जाते. त्याच्या जलाशयाचा फुगवटा मागे महाराष्ट्राच्या हद्दीत येतो आणि बाभळीचा बंधारा नेमका त्या फुगवट्यात उभा आहे. वरच्याने पाणी अडविले तर खालच्याने काय करावे, हा तंटा साहजिकच उत्पन्न झाला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत बंधाऱ्याचे सर्व दरवाजे वर उचललेले राहावेत व पावसाळ्यातील प्रवाहास अडथळा होऊ नये. त्यानंतर महाराष्ट्राने दरवाजे लावून पाणी साठवावे, परंतु २.७४ अब्ज घनफुटांहून अधिक वापरू नये. आणि दोन्ही जलाशयांत जो भाग सामाईक आहे, त्यापोटी ०.६ अब्ज घनफूट पाणी दर वर्षी १ मार्चला खाली सोडावे. त्या वेळी खालचे राज्य आंध्र प्रदेश होते. २०१४ पासून ते तेलंगण आहे. राज्य बदलले, पण तिथ्या बदलल्या नाहीत.

अब्ज घनफूट हे माप घरात वावरणाऱ्या माणसाच्या कल्पनेत सहसा बसत नाही. म्हणून ते लिटरांत सांगितलेले बरे. २.७४ अब्ज घनफूट म्हणजे सुमारे पावणेआठ हजार कोटी लिटर, आणि १ मार्चला सोडावयाचे ०.६ अब्ज घनफूट म्हणजे सुमारे सतराशे कोटी लिटर. साठविलेल्यापैकी पाचव्या हिश्शाहून काहीसे अधिक पाणी, तेही ऐन उन्हाळा तोंडावर आला असता, शेजाऱ्याच्या स्वाधीन करावयाचे. धर्माबादच्या शेतकऱ्याला हे सुखाचे वाटते असे नाही. नदीला पूर येतो तेव्हा दरवाजे उघडे, आणि दरवाजे लागतात तेव्हा पाऊस परतलेला, असे त्याचे गाऱ्हाणे आहे व त्यात तथ्यही आहे. परतीचा पाऊस हात देऊन गेला तर बंधारा भरतो, नाही तर आकाशाकडे पाहत बसावे लागते. तरीही १ जुलै उजाडला की अधिकाऱ्यांच्या समक्ष दरवाजे वर जातात, आणि ऑक्टोबर सरता सरता खाली येतात. केव्हा घ्यावे, केव्हा सोडावे आणि घेतले त्यातले दुसऱ्यासाठी किती ठेवावे, एवढेच या पंचांगात लिहिलेले आहे.

नवलाची गोष्ट ही की, याच तीन प्रश्नांवर या भागातील जुन्या घरांचा वर्षाचा कारभारही चालत आला आहे. पर्यावरण हा शब्द त्या घरांत कोणी उच्चारला नव्हता. काटकसर हा शब्द होता, बेगमी हा शब्द होता, आणि ज्या वस्तूचा ज्या वेळी हंगाम तिचा त्या वेळी मनसोक्त उपभोग घ्यावा, ही रसिकता होती. शहरात राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनी या रीतीपैकी काय उचलावे व काय सोडून द्यावे, हे पाहावयाचे तर नदीच्या तीन तिथ्यांबरोबरच या घरांत डोकावणे सोयीचे होईल.

पहिली तिथी १ जुलैची. बंधाऱ्याचे दरवाजे वर गेलेले असतात आणि नदी गढूळ, तांबूस पाण्याने वाहू लागते. घरातील उन्हाळ्यात भरलेले डबे आता उघडतात. पापड, कुरडया, सांडगे यांना हाच काळ योग्य. परंतु पावसाळ्याचे खरे वैभव डब्यात नसते, बांधावर असते. तरोटा, कुर्डू, घोळ या भाज्या कोणी पेरीत नाही. त्या आपोआप उगवतात आणि ज्याला ओळखता येतात त्याच्या ताटात जातात. त्यांच्या पाठोपाठ अंबाडी येते. मराठवाड्याच्या घरात अंबाडीची भाजी व ज्वारीची भाकरी ही जोडी इतकी सवयीची आहे, की तिचे कौतुक करणे कोणाला सुचत नाही. पण या एका झाडाचा हिशेब मांडला तर मोठमोठ्या अर्थशास्त्र्यांनी मान डोलवावी. कोवळा पाला भाजीला. लाल अंबाडीची मांसल बोंडे सरबताला व चटणीला. दाणे पिकले की झाडे कापून पाण्यात भिजत घालावयाची. काही दिवसांनी साल सुटते, ती धुऊन वाळविली की तिचा वाक होतो. त्या वाकाचे दोर, दावी व कासरे वळले जातात. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला बैलाच्या गळ्यात नवा दोर दिसतो, त्याचा जन्म आदल्या वर्षीच्या भाजीच्या वाफ्यात झालेला असतो. उरलेली सणकाडी चुलीत जाते आणि चुलीची राख भांडी घासावयास येते. शेवटी जे टाकून द्यावयाचे म्हणून हाती राहते, ते मुठीत मावेल एवढेच.

याच दिवसांत सीमेपलीकडे, आणि तेलुगू बोलणाऱ्या घरांमुळे काही ठिकाणी अलीकडेही, बतुकम्मा हा स्त्रियांचा उत्सव येतो. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस तरवडाची पिवळी फुले, कुर्डूचे तुरे व मिळतील ती रानफुले थराथराने रचून एक शिखर करावयाचे, त्याभोवती फेर धरावयाचा आणि अखेर ते पाण्यात सोडावयाचे. पाण्याला त्याचा भार होत नाही, कारण त्यात फुलांखेरीज काहीच नसते. ज्या ऋतूत बाभळीचे दरवाजे उघडे, त्याच ऋतूत शेजारच्या बायका फुलेही वाहत्या पाण्याच्या स्वाधीन करतात.

दुसरी तिथी २९ ऑक्टोबरची. दरवाजे खाली येतात, पाणी स्थिर होते, आणि घरही थोडे स्थिरावते. शाळूची ज्वारी शेतात उभी राहते. पौषाच्या थंडीत तिच्या कणसांत दाणा भरला, परंतु वाळला नाही, असे मोजके दिवस येतात. तोच हुरड्याचा हंगाम. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजावयाची, हातावर चोळून दाणे मोकळे करावयाचे आणि लसणाची चटणी, दही व गुळाबरोबर तेथेच बसून खावयाचे. हुरडा साठविता येत नाही, डब्यात घालून दूरदेशी पाठविता येत नाही, चार दिवस उशीर झाला तर मिळतही नाही. ज्याला तो खावयाचा असेल त्याने शेतावर जावे. प्रवासाचे याहून सुंदर निमित्त दुसरे कोणते असेल?

लातूरकडे तर या निमित्तालाच सणाचे रूप आले आहे. मार्गशीर्ष अमावास्येला वेळा अमावास्या म्हणतात. बोलीत तिचे नाव येळवस. त्या दिवशी लातूरसारख्या मोठ्या शहराच्या बाजारपेठा ओस पडतात आणि माणसे शेताकडे लोटतात. कडब्याची कोप उभारून तीत पांडव म्हणून खडे मांडतात, काळ्या आईची पूजा होते, आणि नंतर पंगत बसते. तिच्यात हरभरा, तूर व त्या वेळी मिळणाऱ्या अनेक भाज्या एकत्र करून केलेली भज्जी, ज्वारीची आंबील, उंडे व गव्हाची खीर हे पदार्थ असतात. ज्याचे स्वतःचे शेत नाही तो मित्राच्या शेतावर जातो. बोलावणे नाही म्हणून कोणी घरी बसत नाही. पत्रावळीवरील एकूण एक पदार्थ भोवतालच्या दहा-वीस कोसांत पिकलेला असतो, आणि जेवणाऱ्याला समोरच्या तासात तो उभा दिसतही असतो. अन्न कोठून येते हे मुलांना शिकविण्यासाठी शाळांतून तक्ते लावले जातात; येथे ते काम एका अमावास्येत होऊन जाते.

थंडीचे हेच दिवस प्रवासाचेही आहेत. मनमाडहून निघून जालना, परभणी, पूर्णा, नांदेड, मुदखेड, उमरी अशी गावे घेत धर्माबादला येणारा लोहमार्ग निजामाच्या अमदानीत, १९०० च्या सुमारास, अरुंद मीटर गेजने टाकला गेला; आता तो रुंद झाला आहे. या गाडीत खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला काळ्या जमिनीचा पट्टाच्या पट्टा उलगडताना दिसतो. कोठे तूर, कोठे कापूस, कोठे ज्वारी. आणि पावसाळ्यात आला तर अलीकडच्या काळात सर्वत्र पसरलेले सोयाबीन. पूर्वीची गृहिणी या प्रवासाला निघे तेव्हा तिच्याबरोबर धपाटे किंवा दुधात भिजविलेल्या दशम्या, कारळाची चटणी आणि फिरकीचा तांब्या असे. धपाटे व दशम्या दोन दिवस टिकतात, चटणीला डाग नाही, आणि तांब्याचे झाकण फिरवून घट्ट बसविले की थेंब सांडत नाही. प्रवास संपे तेव्हा धुवावयास एक फडके व एक तांब्या राही, आणि रुळांच्या कडेला कसलीही खूण मागे उरत नसे. आज त्याच मार्गाच्या दुतर्फा पाण्याच्या बाटल्या व चकचकीत पुड्यांची रांग प्रवाशाची सोबत करते. गाडीचा वेग वाढला, ही आनंदाची गोष्ट. पण तांब्या मागे राहण्याचे त्यात काही कारण नव्हते.

धर्माबादहून पुढे दहाएक किलोमीटरांवर बासर येते. गोदावरीच्या काठी ज्ञानसरस्वतीचे देऊळ आहे आणि लहान मुलांना अक्षरारंभासाठी तेथे घेऊन जाण्याची चाल सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. वसंत पंचमीला तर तेथे मोठी गर्दी लोटते. एका बाजूला मराठी आई, दुसऱ्या बाजूला तेलुगू आई, दोघींच्या मांडीवर पाटी धरलेले मूल, असे दृश्य तेथे पाहावयास मिळते. नदीच्या पाण्यावरून दोन राज्ये न्यायालयात गेली, हे त्या मुलांच्या गावीही नसते. पाटी ही वस्तूही विचार करण्याजोगी आहे. लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे. एकच पाटी थोरल्यानंतर धाकट्याच्या हाती जाते. मुलाने जगात पाऊल ठेवताना पहिली वस्तू हाती घ्यावी ती अशी, यात मोठेच औचित्य आहे.

याच परिसरात, सीमेवरच्या कंदकुर्ती गावी मांजरा नदी गोदावरीला मिळते. मांजरेचा प्रवास चमत्कारिक आहे. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात ती उगम पावते, लातूरच्या मुलखातून पूर्वेस जाते, कर्नाटकात बिदरकडे शिरते, तेलंगणात निजामसागराला भेटते आणि मग पाठ फिरवून उत्तरेकडे येते. सातशेहून अधिक किलोमीटर चालून ती ज्या ठिकाणी विसावते, तेथून धर्माबाद जवळच. म्हणून लातूरचे पाणी आणि धर्माबादचे पाणी हे दूरचे नातेवाईकच होत. हे नाते २०१६ साली कोणाला विसरता आले नाही. त्या वर्षी धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला पिण्याचे पाणी आगगाडीने पुरवावे लागले. मिरजेहून ११ एप्रिलला निघालेली दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालून दुसऱ्या दिवशी लातूरला पोचली. तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक. म्हणजे त्या गाडीतून माणशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी आले. पुढे मोठ्या गाड्या आल्या व उन्हाळा निभावला. पण त्या पहिल्या गाडीचा हिशेब प्रत्येक घराने स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे. पाहुणा म्हणून प्रवासाला गेलेल्या माणसाने तर तो विशेष लक्षात ठेवावा. यजमान गावात हंड्याला रांग लागली असता उतारूगृहात दोन वेळा नळाखाली उभे राहणे, याला प्रवासाचा आनंद म्हणता येत नाही. सहस्रकुंडाचा धबधबा पैनगंगेवर पावसाळ्यात पाहावा, हुरडा पौषात खावा, आणि टंचाईच्या मुलखात उन्हाळ्यात जाणे प्राप्तच झाले तर आपल्या वाट्याचे पाणी विचारून घ्यावे. प्रवासालाही ऋतू असतात.

आता तिसरी तिथी, १ मार्च. बंधाऱ्यातून शेजाऱ्याचा हिस्सा खाली जातो आणि उन्हाळ्याला सुरुवात होते. या सुमारास धर्माबादला आलेल्या परक्या माणसाला गाव दिसण्यापूर्वी शिंका येतात. येथील लाल मिरचीचा बाजार सर्व मराठवाड्यात नावाजलेला आहे. पिकलेली मिरची वाळवून पोत्यांनी येते आणि बाजाराच्या आवारात तिचे ढीग लागतात. घरोघरी वर्षाची मिरची घ्यावयाची, कडक उन्हात पुन्हा एकदा वाळवावयाची, देठ खुडावयाचे आणि कांडून आणावयाची. मग मीठ लावून, हिंगाचे खडे घालून ती बरणीत दाबून भरावयाची, म्हणजे वर्षभर रंग जात नाही व कीड लागत नाही. शहरातून सुटीला आलेला एखादा नातू नाकाला रुमाल लावून म्हणतो, “आज्जी, एवढा खटाटोप कशाला? दुकानात पुडी मिळते की.” आजी देठ खुडता खुडता उत्तर देते, “काहून रे बापा, पुडी महिन्याची असती. हे वर्साचं हाय.” या उत्तरात एक गणित दडलेले आहे. वर्षाची एक बरणी म्हणजे बारा महिन्यांच्या निदान बारा पुड्या घरात न आल्या, त्यांचे कागद उकिरड्यावर न गेले, आणि मिरची कोणाच्या शेतातली हे ठाऊक राहिले.

मिरचीच्या मागोमाग वाळवण येते. गहू तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, त्याचा चीक काढावयाचा, शिजवावयाचा आणि पहाटे गच्चीवर कुरडया घालावयाच्या. या सर्व उद्योगाला लागणारी मुख्य शक्ती म्हणजे सूर्याचे ऊन. ते मार्च-एप्रिलात मराठवाड्यात मागेल तेवढे, आणि न मागताही, मिळते. ज्या उन्हाने जीव नकोसा होतो त्याच उन्हाकडून पावसाळ्याची बेगमी करून घ्यावयाची, ही युक्ती ज्या कोणा गृहिणीला प्रथम सुचली तिचे नाव कोठे नोंदलेले नाही. रांजणाची गोष्टही तशीच. ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या रांजणातून पाणी बारीक छिद्रांवाटे बाहेर झिरपते, हवेत उडून जाते आणि जाताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. बाहेर जितकी हवा कोरडी तितके आत पाणी गार. यासाठी तार लागत नाही, खर्च लागत नाही. रांजण फुटला तर त्याची मातीच होते.

फाल्गुनात किनवट-माहूरच्या रानात पळस फुलतो. त्याच्या फुलांचा रंग रंगपंचमीला आणि पानांच्या पत्रावळ्या व द्रोण लग्नसराईला, असा या झाडाचा घराशी दुहेरी संबंध होता. पाने गोळा करणे व हिरांनी टाचणे यावर रानाकडेच्या कितीतरी कुटुंबांची उन्हाळ्याची मीठ-मिरची चाले. जेवण झाले की पत्रावळी गुरांपुढे किंवा खताच्या खड्ड्यात जाई. मग थर्माकोलची ताटे आली. ती हलकी, पांढरी व स्वस्त होती, आणि पंगत उठल्यावर त्यांचे करावयाचे काय, हे मात्र कोणी विचारले नाही. महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या मार्चमध्ये अशा वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर सर्व देशात बंदी आली. योगायोग असा की, बाभळीचे दरवाजे उचलण्याचीही तीच तारीख. परंतु दरवाजे उचलण्यासाठी अधिकारी हजर राहतात. लग्नघरी कोणते ताट मांडावे हे पाहण्यास तेथे घरच्यांखेरीज कोणी नसते. कायदा दारापर्यंत येऊ शकतो. आत त्याला घरच्या माणसांनीच न्यावे लागते.

येथवर वाचून किंवा ऐकून एखादी सुविद्य गृहिणी विचारील, आणि तिने विचारलेच पाहिजे, की हे सर्व करावयाचे कोणी? प्रश्न रास्त आहे. मिरचीने ज्यांचे हात रात्रभर जळत, पहाटे तीनला उठून ज्या चीक घोटीत, दोन कोसांवरून ज्या पाणी आणीत आणि जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवता शिवता ज्यांचे डोळे गेले, त्या सर्व बाया होत्या. ज्या घराच्या सुव्यवस्थेचे आज कौतुक करावयाचे, त्या घरातल्या पुरुषांनी ओसरीवर बसून हुरडा मात्र खाल्ला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. शिवाय त्या काटकसरीत रसिकता होती तशी गरिबीही होती. ज्याच्याकडे दुसरे लुगडे नाही त्याने वाकळ शिवली तर त्याला कोणी पर्यावरणाचा उपासक म्हणू नये. आजही दसरा झाला की मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला जातात. तोही ऋतुमानाप्रमाणे केलेला प्रवासच आहे, पण तो आनंदाचा नाही.

तेव्हा जुने घर जसेच्या तसे उभे करावयाचे नाही. ते शक्य नाही आणि इष्टही नाही. त्यातील कष्ट वाटून घ्यावयाचे आणि त्याचे पंचांग तेवढे उचलावयाचे. शहरातील चार खोल्यांच्या बिऱ्हाडातही ते साधते. इमारतीची गच्ची सामाईक असते व बहुधा टाक्यांखेरीज तिचा उपयोग नसतो. एप्रिलातील दोन रविवार चार कुटुंबांनी मिळून तेथे वाळवण घातले, आणि पाट उचलण्यास व पिठे मळण्यास घरचे पुरुष व मुले आली, तर एकटीचा जो शीण तोच चौघांचा सण होतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या वाटण्याऐवजी सुगडात ऊस, बोरे, गाजर व हरभरा द्यावा. ते वाण संध्याकाळपर्यंत संपते आणि सुगड कुंडीत बसते. एक माठ, एक फिरकीचा तांब्या, पन्नास पत्रावळ्या आणि वर्षाच्या तिखटाची एक बरणी यांना कोणत्याही पगारदाराचे अंदाजपत्रक पुरते. या प्रत्येकाने जग वाचणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्या घरात जांभळे पहिल्या पावसाबरोबर येतात व त्याच्याबरोबर जातात, त्या घरातील मुलाला वाट पाहणे समजते. आणि वाट पाहणे समजलेल्या माणसालाच पुढे पाण्याचा वाटा समजतो.

कारण शेवटी प्रश्न तोच उरतो, जो बाभळीच्या बंधाऱ्यावर उभा आहे. नदीच्या काठावर कोणीही राहो, त्याच्या वर कोणीतरी असतो आणि खालीही कोणीतरी असतो. नाशिककर आणि पैठणकर यांच्या खाली नांदेड, नांदेडच्या खाली धर्माबाद, धर्माबादच्या खाली बासर आणि निजामाबाद. त्र्यंबकेश्वरापासून समुद्रापर्यंतच्या जवळजवळ दीड हजार किलोमीटरांच्या या रांगेत अगदी पहिला किंवा अगदी शेवटचा क्वचितच कोणी असतो. शहरातील नळाचे पाणीही याच रांगेतून आलेले असते व घरातील सांडपाणी याच रांगेत पुढे जाते. जे घर आपल्या वाट्याचा उपभोग हंगामात पोटभर घेते, पुढच्या दिवसांसाठी थोडे राखते आणि खालच्यासाठी आठवणीने सोडते, त्या घराने नदीचे पंचांग वाचले असे म्हणावे.

पुढच्या १ जुलैला धर्माबादजवळ ते चौदा दरवाजे पुन्हा वर जातील. बांधावर तरोट्याला कोवळी पाने फुटलेली असतील, आणि एखाद्या घरात नव्या तिखटाची बरणी प्रथमच उघडेल. त्या घरचा नातू तोवर शहरात परतलेला असेल. पण आजीने त्याच्या पिशवीत पुडीएवढे नव्हे, वर्षाचे तिखट बांधून दिलेले असेल.